मराठी वैद्यकीय लेखनातील 'मधली पायरी' : विद्यार्थी-सहायकाच्या चित्रणाची चिकित्सा

प्रास्ताविक

डॉक्टरांनी लिहिलेल्या आत्मकथनांचा एक स्वतंत्र प्रवाह मराठीत आता चांगला स्थिरावला आहे. डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग', डॉ. रवी बापट यांचे 'वॉर्ड नं. पाच, केईएम', डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे 'बॅरिस्टरचं कार्टं' ही या प्रवाहातील सर्वपरिचित पुस्तके होत. वाचकांनी त्यांचे मनापासून स्वागत केले. समीक्षेने मात्र त्यांच्याकडे बहुतांशी 'प्रेरणादायी साहित्य' म्हणूनच पाहिले. प्रेरणा हा वाङ्मयीन निकष नव्हे. हे लेखन ज्ञानव्यवहाराचे कोणते चित्र उभे करते, त्या चित्रात कोण दिसतो आणि कोण दिसत नाही, हा प्रश्न या पुस्तकांना फारसा विचारला गेलेला नाही.

प्रस्तुत निबंधात हा प्रश्न एका मर्यादित अंगाने विचारावयाचा आहे. वैद्यकीय संशोधनात गुरू आणि नवखा विद्यार्थी यांच्या दरम्यान एक मधली पायरी असते. त्या पायरीवरील व्यक्ती स्वतः अजून विद्यार्थी असते, पण तिच्या मागून आलेल्यांना ती शिकवीत असते. प्रयोगाची तयारी, रुग्णांच्या नोंदी, नवागताला सुई कशी धरावी येथपासून निरीक्षण कसे लिहावे येथपर्यंतचे शिक्षण तिच्याकडून होते. या व्यक्तीला येथे 'विद्यार्थी-सहायक' असे म्हटले आहे. मराठी वैद्यकीय लेखनात या सहायकाला कोणते स्थान मिळाले, ते तसे का मिळाले, आणि त्यामुळे संशोधनाविषयीची आपली समजूत कोठे उणी राहिली, हे तपासणे हा या निबंधाचा हेतू आहे.

राधानगरीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी मराठी शिकविणाऱ्या अध्यापकाने वैद्यकीय संशोधनाविषयी का लिहावे, असे कोणी विचारू शकेल. त्याचे उत्तर असे की, येथे विषय वैद्यकाचा नसून वैद्यकाविषयीच्या मराठी लेखनाचा आहे. शिवाय मार्गदर्शक, संशोधक विद्यार्थी आणि त्यांच्या मधला दुवा हा प्रश्न सर्व विद्याशाखांना समान आहे. वैद्यकात चुकीची किंमत रुग्णाला मोजावी लागते, म्हणून तेथे तो अधिक स्पष्टपणे दिसतो, इतकेच.

संज्ञांचा प्रश्न

प्रथम भाषेकडे पाहावे. ज्ञान देणाऱ्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. गुरू, आचार्य, अध्यापक, मार्गदर्शक असे अनेक शब्द आहेत. घेणाऱ्यासाठीही शिष्य, विद्यार्थी, अभ्यासक, उमेदवार हे शब्द आहेत. एकाच वेळी घेणाऱ्या आणि देणाऱ्या व्यक्तीसाठी मात्र रुळलेला शब्द नाही. 'सहायक' या शब्दातून हाताखाली काम करणारा एवढाच अर्थ निघतो; शिकविण्याची छटा त्यात नाही. वैद्यकीय महाविद्यालयांत रोजच्या बोलण्यात 'सिनियर', 'हाऊसमन', 'रजिस्ट्रार', 'ट्यूटर', 'डेमॉन्स्ट्रेटर' असे शब्द चालत आले. ते सगळे इंग्रजीतून आले आणि तसेच राहिले. अलीकडे 'मेंटॉर' हा शब्दही रूढ झाला आहे.

व्यवस्थेत मात्र हे काम नियमानेच सांगितलेले आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००० सालच्या पदव्युत्तर शिक्षणविषयक नियमावलीने पदव्युत्तर विद्यार्थ्याने पदवीच्या विद्यार्थ्यांच्या व आंतरवासीयांच्या अध्यापनात सहभागी व्हावे, असे बंधन घातले होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन संशोधन विद्यार्थिवृत्ती सुरू केली. तीत विद्यार्थी एका अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प पूर्ण करतो. म्हणजे जे नियमात आहे, योजनेत आहे आणि वॉर्डात दररोज घडते, त्याला मराठीत नाव नाही. ज्याला नाव नाही, त्याची कथा सांगणे अवघड जाते.

दोन साचे

मराठी वैद्यकीय आत्मकथनांची रचना पाहिली असता दोन साचे ठळकपणे दिसतात. पहिला गुरुमहिम्याचा. यात लेखक आपल्या शिक्षकांची व्यक्तिचित्रे आदराने रेखाटतो आणि त्यांच्याकडून काय मिळाले ते सांगतो. दुसरा साचा एकाकी झुंजीचा. यात नायक प्रतिकूल परिस्थितीतून वर येतो आणि कोणाच्या साहाय्याविना काही मोठे करून दाखवितो.

'वॉर्ड नं. पाच, केईएम' हे पुस्तक बरेचसे पहिल्या साच्याचे आहे. एकाच संस्थेत विद्यार्थी म्हणून प्रवेश करून तेथेच शल्यचिकित्सेचा अध्यापक होणे, हा त्यातील प्रवास आहे. पुस्तकाच्या नावात व्यक्ती नाही, वॉर्ड आहे, ही गोष्ट महत्त्वाची वाटते. वॉर्ड ही एका माणसाची मालमत्ता नसते. ती चढत्या-उतरत्या पायऱ्यांची एक कार्यशाळा असते. त्यामुळे या पुस्तकात मधल्या पायरीला अवकाश आहे. तरीही स्मरणरंजनाच्या ओघात लक्ष पुन्हा पुन्हा थोरामोठ्यांकडे आणि अवघड प्रसंगांकडे वळते. शिकता शिकता शिकविण्याची रोजची, कंटाळवाणी आणि अत्यावश्यक प्रक्रिया मागे राहते.

'बॅरिस्टरचं कार्टं' दुसऱ्या साच्याचे उत्तम उदाहरण आहे. जालना जिल्ह्यातील देहेडसारख्या खेड्यातून, गरिबीतून वर येत नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे, विशेषतः मुले, हृदयावर परिणाम होऊन दगावत होती. त्यावर खात्रीचा उपचार नव्हता. रुग्णांशेजारी बसून केलेल्या निरीक्षणांवर आधारलेला त्यांचा लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवून दिला. एकेकाळी चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराने एक टक्क्यापर्यंत खाली आल्याचे त्यांचे अनुभव सांगतात. विंचूदंशावरील प्रतिविष आणि प्राझोसिन यांचा एकत्रित उपयोग तपासणारी त्यांची चाचणी २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हे कर्तृत्व असाधारण आहे, याविषयी दुमत नाही. प्रश्न कथनाचा आहे. एकाकी झुंजीच्या साच्यात ही हकिकत बसविली की, वाचकाच्या मनात 'मार्गदर्शकाविना, प्रयोगशाळेविना संशोधन होऊ शकते' एवढाच बोध उरतो. वस्तुतः याच हकिकतीत मार्गदर्शनाची निराळी रूपे दडलेली आहेत. दूरच्या नियतकालिकाचे संपादक आणि परीक्षक आक्षेप घेतात, खुलासे मागतात आणि लेख परत पाठवितात; त्या पत्रव्यवहारातून संशोधनाची शिस्त लागते. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचे नाव अनेक शोधनिबंधांवर सहलेखक म्हणून आहे. आणि पुढे उपचार रुजला तो या पद्धतीचे शिक्षण कोकणातील आणि इतरत्रच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचले म्हणून. विंचू उतरविण्याची पद्धत एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात कशी गेली, पहिल्यांदा भीतभीत प्राझोसिनची गोळी देणाऱ्या तरुण डॉक्टरला कोणी धीर दिला, ही कथा संशोधनाचाच उत्तरार्ध आहे. एकाकी नायकाच्या साच्यात तिला जागा मिळत नाही. राधानगरी-दाजीपूरच्या डोंगराळ पट्ट्यात साप-विंचवाच्या दंशाचा धोका ज्यांना माहीत आहे, त्यांना हा उत्तरार्ध किती महत्त्वाचा आहे, हे वेगळे सांगावयास नको.

खानोलकर, रणदिवे आणि पुढची पिढी

या दोन साच्यांच्या पलीकडचे उदाहरण मुंबईच्या कर्करोग संशोधनाच्या इतिहासात सापडते. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे भारतातील विकृतिशास्त्राचे एक आद्य अध्वर्यू. टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची आणि १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची उभारणी त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे, पूर्वाश्रमीच्या समर्थ, यांचे पदव्युत्तर शिक्षण वनस्पतींच्या पेशींविषयीचे. सीताफळाच्या कुलातील वनस्पतींवर त्यांनी काम केले होते. त्या खानोलकरांकडे आल्या आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. त्यांनी मिळविली. त्यानंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकून त्या मुंबईला परतल्या आणि भारतात या तंत्राची प्रयोगशाळा त्यांनी उभी केली.

ऊतिसंवर्धन म्हणजे शरीरातून काढलेल्या पेशी काचेच्या भांड्यात जिवंत ठेवणे व वाढविणे. हे तंत्र केवळ पुस्तक वाचून येत नाही. निर्जंतुक वातावरणात हात कसा चालवावा, माध्यम कधी बदलावे, भांडे गढूळ दिसू लागले तर ते टाकून द्यावे की थांबावे, हे कोणीतरी शेजारी उभे राहून दाखवावे लागते. म्हणून रणदिवे यांच्या कार्याचे मोल केवळ त्यांच्या शोधांवरून करणे अपुरे ठरते. बाल्टिमोरमध्ये त्या शिकणाऱ्या होत्या, मुंबईत परतताच त्या शिकविणाऱ्या झाल्या. खानोलकरांच्या दृष्टीने मात्र त्या अजून शिष्याच होत्या. मधली पायरी ती हीच.

१९५८ सालचे एक उदाहरण येथे बोलके ठरते. कुष्ठरोग्याच्या ऊतीतून मिळविलेल्या एका जंतूचे प्रयोगशाळेत संवर्धन केल्याचा निबंध त्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्यावरील नावांचा क्रम बापट, रणदिवे, खानोलकर असा आहे. ज्येष्ठतेने सर्वांत थोर असलेले नाव शेवटी आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे नाव प्रथम. रणदिवे यांचे नाव मध्ये आहे, आणि त्या काळातील त्यांच्या भूमिकेचे याहून नेमके चित्र शोधून सापडणार नाही. याच परंपरेत डॉ. सत्यवती सिरसाट यांनी खानोलकरांसमवेत तोंडातील श्लेष्मल त्वचेखालील तंतुमयतेचा अभ्यास केला. मिरचीतील कॅप्सायसिनचा उंदरांच्या टाळूवर काय परिणाम होतो, हे तपासणारा त्यांचा निबंध १९६० चा आहे. सिरसाट यांनी पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या अभ्यासाची शाखा वाढविली.

रणदिवे यांनी १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला, आणि उत्तरायुष्यात अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील राजूर परिसरात आदिवासी मुलांच्या पोषणाविषयी काम केले. प्रयोगशाळेतील मार्गदर्शनाची वृत्ती प्रयोगशाळेबाहेर कशी विस्तारते, याचा तो दाखला आहे. त्यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. मराठी सामान्य वाचकाला त्यांचे नाव मात्र २०२१ मध्ये, त्यांच्या जन्मदिनी गूगलने केलेल्या चित्रामुळे नव्याने समजले. या मराठी स्त्रीचे साहित्यात आत्मकथनाएवढे ठसठशीत चित्र नाही. याचे कारण कर्तृत्वाचा अभाव नव्हे. त्यांचे कर्तृत्व परंपरेत मिसळलेले आहे आणि परंपरेत मिसळलेले कर्तृत्व सांगण्याचा साचाच आपल्याकडे तयार झालेला नाही.

गडचिरोली : शिकविणे हीच पद्धती

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे गडचिरोलीतील संशोधन या चर्चेला एक वेगळे परिमाण देते. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात डॉक्टर स्वतःच्याच रोगाचा विद्यार्थी होतो. भूमिकांची ही अदलाबदल त्या पुस्तकाच्या यशाचे एक कारण आहे. परंतु मधल्या पायरीचे खरे दर्शन घडते ते त्यांच्या 'सर्च' या संस्थेच्या क्षेत्रीय कामात.

बालकांच्या न्यूमोनियाचे निदान श्वासांच्या गतीवरून करता येते. गावातील दायांना मोठे आकडे मोजता येत नसत. तेव्हा संस्थेने श्वासमापनाचे एक साधे उपकरण तयार केले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया समजावयाचा. या उपकरणाविषयीचा निबंध १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला.

या उपकरणाकडे सामान्यतः कल्पकतेचा नमुना म्हणून पाहिले जाते. संशोधनपद्धतीच्या दृष्टीने त्याचा अर्थ अधिक खोल आहे. दाईला शिकविण्याच्या गरजेमुळे संशोधकाला 'न्यूमोनिया' या संकल्पनेचीच फेरमांडणी करावी लागली. निदानात अत्यावश्यक काय आणि केवळ सवयीचे काय, हे वेगळे करावे लागले. शिकविणे हे संशोधनानंतर येणारे प्रसाराचे काम राहिले नाही, ते संशोधनाच्या गाभ्यात गेले.

पुढे नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा प्रयोग झाला. गावातील थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे हे त्या करू लागल्या. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निबंधानुसार ३९ गावांत हा प्रयोग झाला आणि नवजात मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून केंद्र शासनाने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरगुती नवजात काळजीचा कार्यक्रम देशभर सुरू केला. या आकडेवारीतील प्रत्येक नोंद कोणा आरोग्यदूताच्या हातची आहे. ती एकाच वेळी शिकणारी, गावातील मातांना शिकविणारी आणि संशोधनाची निरीक्षक आहे. वैद्यकीय पदवी नसतानाही ती मधल्या पायरीवर उभी आहे. बंग दांपत्याची कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्या आरोग्यदूत स्त्रीची तिच्या दृष्टीने सांगितलेली कथा मराठी साहित्यात अजून यावयाची आहे.

सहायक दिसतो केव्हा ?

अदृश्य असलेला सहायक इतिहासात अचानक दिसू लागतो तो बहुधा अपघाताच्या वेळी. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. तिचा पहिला प्रयोग १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःवर केला आणि पुढे भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. लाखो लोकांना ही लस टोचली गेली. ती तयार करणारे, बाटल्या भरणारे आणि गावोगावी टोचणारे भारतीय सहायक मात्र अनामिक राहिले. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मलकोवाल येथे लस घेतलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. त्यानंतरच्या दीर्घ चौकशीत बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा खाली पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, ही बाब पुढे आली. तोवर दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला होता. त्यातून ते १९०७ मध्ये मुक्त झाले. यशाच्या हजारो बाटल्या ज्यांनी उघडल्या, त्यांची नोंद नाही. एक चिमटा पडला त्याची मात्र आहे.

याच्या उलट उदाहरण टोरंटोचे. १९२१ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग यांच्या मदतीला प्राध्यापक मॅक्लिओड यांनी आपले दोन विद्यार्थी-सहायक देऊ केले. आधी कोणी जावयाचे हे नाणे उडवून ठरले आणि ती पाळी चार्ल्स बेस्ट यांच्यावर आली. त्यातून इन्शुलिन हाती आले. १९२३ चे नोबेल बँटिंग आणि मॅक्लिओड यांना मिळाले. बेस्ट यांचे नाव त्यात नव्हते. बँटिंग यांनी आपल्या वाट्याची अर्धी रक्कम बेस्ट यांना दिली, तर मॅक्लिओड यांनी कॉलिप यांना. पारितोषिकाच्या नियमात जे बसले नाही, ते त्या दोघांनी व्यक्तिशः मान्य केले. मार्गदर्शनाच्या नीतीचा हा महत्त्वाचा पाठ आहे. तरी तो व्यक्तीच्या औदार्यावर अवलंबून राहिला, ही त्याची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते.

ऋणनिर्देश : एक दुर्लक्षित लेखनप्रकार

सहायकाची मराठीत एक हक्काची जागा आहे, ती म्हणजे प्रबंधाच्या आरंभीचे 'ऋणनिर्देश' किंवा 'मनोगत' हे पान. समीक्षेने या पानाकडे कधी गांभीर्याने पाहिले नाही. त्याची रचना जवळजवळ ठरलेली असते. प्रथम मार्गदर्शक, नंतर विभागप्रमुख, प्राचार्य, संस्थाचालक, ग्रंथपाल, आईवडील, मित्र आणि अखेरीस टंकलेखक. ज्याच्याकडून प्रत्यक्ष पद्धत शिकली, तो वरच्या वर्गातील विद्यार्थी यांपैकी 'मित्र' या सदरात जातो. कृतज्ञता व्यक्त होते, पण काय मिळाले याचा तपशील नसतो. 'अनमोल सहकार्य' या दोन शब्दांत सारे संपते. संशोधनाचा खरा इतिहास या दोन शब्दांत दडपला जातो. एखाद्या विद्यापीठातील पन्नास वर्षांच्या ऋणनिर्देशांचा अभ्यास झाला, तर आपल्या ज्ञानव्यवहारातील पायऱ्यांचे चित्र कोणत्याही अहवालापेक्षा स्पष्ट दिसेल, असे वाटते.

दोन आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, आत्मकथन हे 'स्व'चे कथन असते, त्याने इतरांची कथा सांगावी ही अपेक्षा गैर आहे. आक्षेपात तथ्य आहे. तथापि संशोधकाचा 'स्व' हा इतरांशी झालेल्या देवाणघेवाणीतून घडलेला असतो. ती देवाणघेवाण वगळली, तर 'स्व'चे चित्रही अपुरे राहते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मधली पायरी नेहमी मायेची नसते. ती सत्तेचीही असते. कनिष्ठाकडून कामे करवून घेणे, अपमान करणे, जात आणि पार्श्वभूमी यांवरून हिणविणे, हे प्रकार या पायरीवरूनच होऊ शकतात. मे २०१९ मध्ये मुंबईत एका आदिवासी निवासी डॉक्टर तरुणीने केलेल्या आत्महत्येनंतर या प्रश्नाची राज्यभर चर्चा झाली. म्हणून या पायरीचे उदात्तीकरण करणे हा येथे हेतू नाही. उलट, जी पायरी अदृश्य असते तिच्यावरील अन्यायही अदृश्य राहतो. साहित्यात आणि नोंदींत ती दिसू लागली, तरच तिच्यावरील जबाबदारी निश्चित करता येईल.

आपल्या महाविद्यालयांच्या संदर्भात

हा प्रश्न वैद्यकापुरता मर्यादित नाही, हे आरंभी म्हटलेच आहे. आपल्या भागात विद्यार्थी-सहायकाची कल्पना परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांची 'कमवा आणि शिका' योजना आणि तिच्या धर्तीवर शिवाजी विद्यापीठात चाललेला उपक्रम यांनी ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, शेतावर काम करून शिकणारा विद्यार्थी दक्षिण महाराष्ट्राला दिला. त्याच्या श्रमाचा आपण गौरव केला. त्याच श्रमातून तो इतरांना काय शिकवीत होता, याची दखल मात्र घेतली नाही.

कला व विज्ञान शाखांत मधली पायरी होती ती एम.फिल.च्या रूपाने. एम.फिल. करणारा विद्यार्थी पूर्ण संशोधक नव्हता आणि केवळ परीक्षार्थीही नव्हता. आपल्यापैकी अनेकांनी अध्यापन करीत करीत ती पदवी मिळविली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. बंद झाली. तिच्या गुणदोषांविषयी मतभेद असू शकतात. तिच्यातील अनेक प्रबंधिका सुमार होत्या, हेही खरे आहे. पण ती गेल्याने निर्माण झालेली पोकळी भरून काढण्यासाठी चार वर्षांच्या पदवीतील संशोधन प्रकल्प पुरेसा ठरेल काय, हा प्रश्न विचारणे भाग आहे. पदवीच्या चौथ्या वर्षातील विद्यार्थ्याला पद्धत शिकविणार कोण ? एकेका अध्यापकाकडे अनेक प्रकल्प असताना प्रत्येकाशेजारी बसणे त्याला शक्य नाही. 'आविष्कार' संशोधन महोत्सवात पदवी, पदव्युत्तर आणि त्यापुढील विद्यार्थी निरनिराळ्या स्तरांवर सहभागी होतात. त्या स्तरांमध्ये परस्परांना शिकविण्याचा संबंध निर्माण करता येईल काय, याचा विचार महाविद्यालयांनी करावयास हवा. स्पर्धेच्या आखणीत हे स्तर आज एकमेकांच्या शेजारी असले, तरी एकमेकांशी जोडलेले नाहीत.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. मराठी वैद्यकीय आत्मकथने प्रामुख्याने गुरुमहिमा आणि एकाकी झुंज या दोन साच्यांत घडलेली आहेत. दोन्ही साच्यांत शिकता शिकता शिकविणारा विद्यार्थी-सहायक गौण ठरतो.

२. खानोलकर-रणदिवे परंपरा आणि गडचिरोलीतील आरोग्यदूत यांच्या उदाहरणांवरून असे दिसते की, मधल्या पायरीवर ज्ञानाचे केवळ वहन होत नाही, तेथे ज्ञान पारखले जाते आणि प्रसंगी नव्याने घडविले जाते. शिकविणे हा संशोधनाचा एक भाग आहे.

३. सहायकाची नोंद यशापेक्षा अपघाताच्या प्रसंगी अधिक होते. हा नोंदींतील दोष असून लेखकांनी व समीक्षकांनी तो ओळखणे आवश्यक आहे.

४. ऋणनिर्देश हा लेखनप्रकार अभ्यासविषय म्हणून स्वीकारला जावा. संशोधक विद्यार्थ्यांना त्यात कोणाकडून नेमके काय शिकलो, हे तपशिलाने लिहिण्याची सवय लावावी.

५. एम.फिल. बंद झाल्यानंतर पदवी स्तरावरील संशोधनासाठी मधली पायरी जाणीवपूर्वक उभारावी लागेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पदवीच्या विद्यार्थ्यांचे सहायक मार्गदर्शक म्हणून नेमणे, त्यांच्या कामाची लेखी नोंद ठेवणे आणि प्रकल्पावर त्यांचे नाव देणे ही त्याची किमान सुरुवात होऊ शकते. तिच्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही.

आपल्या तालुक्यातून दरवर्षी काही विद्यार्थी कोल्हापूरच्या, मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत जातात. बरेचसे आपल्याच वर्गांत राहतात. दोघांनाही पहिल्या वर्षी कोणीतरी एखादी गोष्ट शेजारी बसून दाखवील आणि पुढे त्यांनाही ती कोणाला तरी दाखवावी लागेल. त्या दाखविण्याला शिक्षणाचा दर्जा देणे, त्यासाठी शब्द शोधणे आणि त्याची कथा लिहिणे, हे काम भाषेच्या अध्यापकांचेही आहे.